दारात उभी राहणारी वेगवान गाडी चोरांपासून कशी राखावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. साडेचारशे हॉर्सपॉवरची, किल्ली खिशात ठेवून बटणावर सुरू होणारी गाडी नुकतीच घेतली आहे. घराला गॅरेज आहे, पण इतकं अरुंद की गाडी आत नेली तर दार उघडून उतरता येत नाही, म्हणून ती घरासमोर उघड्यावर उभी असते. कंपनीचा अलार्म आहे, दोन कॅमेरे लावले आहेत, किल्लीसाठी सिग्नल अडवणारी पिशवीही आणली आहे. एवढं पुरेसं आहे का, आणि नसेल तर पुढचा पैसा कशावर घालावा?

पुरेसं नाही. गेली वीस वर्षं मी गाड्यांमध्ये इमोबिलायझर (खऱ्या मालकाची ओळख पटल्याशिवाय गाडी चालू न देणारं यंत्र), अलार्म आणि ट्रॅकर (गाडी कुठे आहे ते कळवणारं यंत्र) बसवतोय, आणि चोरीला जाऊन परत मिळालेल्या गाड्यांची उसवलेली वायरिंगही पुन्हा जोडतोय. ज्यांची गाडी गेली त्यांनी काहीच केलेलं नव्हतं, असं क्वचितच दिसतं. बहुतेकांनी एकाच वाटेवर तीन तीन कुलपं लावलेली असतात आणि बाकीच्या वाटा सताड उघड्या असतात. म्हणून कुठलीही वस्तू घेण्याआधी स्वतःला एकच गोष्ट विचारा: ही वस्तू चोराची नेमकी कुठली वाट अडवते? तुमच्याकडच्या तीन गोष्टींपैकी पिशवी एक वाट अडवते, अलार्म थोडा वेळ मिळवून देतो आणि कॅमेरा जे घडलं ते दाखवतो.

पिशवी जी वाट अडवते तिथून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त गैरसमज याच वाटेबद्दल आहेत. तुम्ही दाराच्या हँडलला हात लावता तेव्हा गाडी साधारण १२५ किलोहर्ट्झचा एक मंद सिग्नल सोडते. तो जेमतेम मीटर-दोन मीटर पोचतो. किल्ली तो ऐकते आणि ३१५ किंवा ४३३ मेगाहर्ट्झवर उत्तर देते. हे उत्तर मात्र बरंच लांब जातं. चोरांना फक्त पहिला सिग्नल लांबवायचा असतो. एक जण गाडीपाशी उभा राहतो, दुसरा अँटेना घेऊन तुमच्या भिंतीला किंवा दाराला लागून. गाडीला वाटतं किल्ली शेजारीच आहे. यात कुठलंही कोडं सोडवावं लागत नाही, कुठलाही पासवर्ड फोडावा लागत नाही, म्हणून किल्लीचं एन्क्रिप्शन कितीही भक्कम असलं तरी त्याचा इथे उपयोग होत नाही. झुरिकच्या ईटीएच संस्थेतल्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलवर हा प्रयोग जाहीर केला होता. दहाही गाड्या उघडल्या आणि सुरू झाल्या. आणि इंजिन एकदा सुरू झालं की किल्ली लांब गेली म्हणून गाडी ते बंद करत नाही, कारण भर रस्त्यात तसं झालं तर अपघात होईल. चोर त्याच्या ठिकाणी पोचेपर्यंत इंजिन चालू ठेवतो, एवढंच.

अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत यावर दोन उपाय आलेत. पहिला, किल्लीतला हालचाल ओळखणारा सेन्सर: किल्ली काही मिनिटं निश्चल पडली की झोपते आणि उत्तर देणं थांबवते. दुसरा, अल्ट्रा वाइडबँड. यात सिग्नल जाऊन यायला किती वेळ लागला तेच गाडी मोजते. रेडिओ लहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जाते. चोर सिग्नल कितीही मोठा करू दे, तो लवकर पोचवू शकत नाही. तुमच्या गाडीत यांपैकी काय आहे ते मॅन्युअलमध्ये शोधा. काहीच नसेल, तर सेटिंगमध्ये जाऊन हात लावताच दार उघडण्याची सोय बंद करता येते का ते पाहा. काही गाड्यांत ते किल्लीवरची दोन बटणं ठरावीक क्रमाने दाबून होतं. फुकटातला हा उपाय माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना ठाऊकच नसतो.

आता पिशवीचं. एकदा एक गृहस्थ म्हणाले, पिशवी आहे, ती काळजी मिटली. मी त्यांना किल्ली पिशवीत घालून गाडीपाशी उभं राहायला सांगितलं आणि हँडलला बोट लावलं. टक् करून चारही दारं उघडली. पिशवी बाहेरून नव्यासारखी होती. आत टॉर्च धरून पाहिलं तर रोज जिथे घडी पडायची तिथल्या अस्तरातली धातूची जाळी एका रेषेत तडकली होती, केसाएवढीच. तेवढं पुरतं. त्यातून त्या पिशवीला दोन कप्पे होते आणि सिग्नल अडवणारं अस्तर फक्त आतल्या कप्प्याला होतं. ते कधी बाहेरच्या कप्प्यात किल्ली टाकायचे, कधी आतल्या. तेव्हा दर महिन्याला एकदा गाडीच्या दाराशी उभं राहून ही परीक्षा घ्याच. घट्ट झाकणाचा धातूचा डबा पिशवीपेक्षा टिकतो, पण त्याचीही परीक्षा अशीच घ्या. मायक्रोवेव्हमध्ये किल्ली ठेवू नका. तो वेगळ्या फ्रिक्वेन्सीसाठी बनवलेला असतो, आणि घरातलं कुणीतरी एक दिवस तो सुरू करेल.

आणि दुसरी किल्ली? ती कुठे आहे, हे वाचताना आठवलं का? बहुतेक घरांत ती मुख्य दाराजवळच्या खणात, उघडी पडलेली असते. पहिल्या किल्लीची एवढी बडदास्त ठेवायची आणि दुसरी तशीच सोडायची, तर काही केलंच नाही.

गाडी जुनी, म्हणजे कुणाकडून घेतलेली असेल तर आणखी एक काम करा. गाडीच्या इमोबिलायझरमध्ये किती किल्ल्या नोंदलेल्या आहेत हे बहुतेक गाड्यांत वर्कशॉपमधल्या स्कॅनरवर दिसतं. तुमच्या हातात दोन आणि नोंदीत तीन असतील, तर तिसरी कुठेतरी फिरतेय. सगळ्या पुसून हातातल्या तेवढ्याच पुन्हा नोंदवून घ्या. फार वेळ लागत नाही.

इथवर फक्त किल्लीचं झालं. दुसऱ्या वाटेला किल्ली लागतच नाही, आणि माझ्या मते आज महागड्या गाड्यांना खरा धोका या वाटेने आहे. २०२२ मध्ये लंडनमधल्या एका सायबर सुरक्षा संशोधकाची टोयोटा राव्ह-४ चोरीला गेली. आधी त्याला गाडीचा बंपर ओढलेला आणि हेडलाइटची वायर सुटलेली दिसली होती. कुणीतरी खोडसाळपणा केला असं त्याला वाटलं. नंतर गाडीच गेली. मग त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने छडा लावला आणि २०२३ मध्ये सगळं जाहीर केलं. आजच्या गाडीत हेडलाइट हासुद्धा एक छोटा कॉम्प्युटर असतो आणि तो कॅन या दोन तारांच्या जाळ्यावर बाकीच्या कॉम्प्युटरांशी बोलतो. चोर चाकाच्या कमानीतून हात घालून हेडलाइटचा प्लग काढतात, त्या तारांना आपलं यंत्र जोडतात आणि जाळ्यावर खोटा निरोप सोडतात: किल्ली तपासली, बरोबर आहे. गाडी विश्वास ठेवते, कारण आतून आलेला निरोप खोटा असेल असं ती धरून चालत नाही. ते यंत्र साध्या ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यात लपवलेलं होतं. पिशवी, डबा, झोपणारी किल्ली, यांतलं काहीही इथे उपयोगी पडत नाही.

त्यामुळे एक गोष्ट मी प्रत्येक गिऱ्हाइकाला गाडीजवळ नेऊन, खाली बसवून दाखवतो. पुढच्या चाकाच्या वर, कमानीच्या आतल्या बाजूला काळं प्लॅस्टिकचं अस्तर असतं, क्लिपांनी बसवलेलं. त्याची कड बोटाने चाचपून पाहा, म्हणजे घट्ट बसलेलं कसं लागतं ते कळेल. एखाद्या सकाळी ती कड सुटलेली लागली, खाली एखादी काळी क्लिप पडलेली दिसली किंवा डॅशबोर्डवर हेडलाइटची सूचना आली, तर कुणाचा धक्का लागला असेल म्हणून सोडून देऊ नका. कुणीतरी काम अर्धं टाकून गेलंय आणि परत येणार आहे. त्याच दिवशी गाडी दुसरीकडे हलवा.

वर्कशॉपमध्ये गाडीचा बिघाड तपासायला यंत्र जोडतात, त्या सॉकेटची वाट याहून जुनी. त्याला ओबीडी सॉकेट म्हणतात आणि ते स्टिअरिंगखाली असतं. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ते सक्तीचं झालं आणि आता जवळजवळ सगळीकडे आहे. चोर काच फोडून किंवा दार उघडून आत येतात, तिथे यंत्र लावतात आणि कोऱ्या किल्लीला गाडीची ओळख शिकवतात. यावर सॉकेटला पोलादी, कुलूप लागणारं आवरण बसवता येतं. नुसतं सॉकेट दुसरीकडे हलवणं मला तितकंसं पटत नाही, कारण सर्व्हिसिंगच्या वेळी मालकच सगळ्यांना सांगत सुटतो.

आता खर्चाचं. तुमचा पहिला पैसा मी दुसऱ्या, स्वतंत्र इमोबिलायझरवर घालेन. असा की ज्याचा किल्लीशी काही संबंध नाही. कारण वरच्या तिन्ही वाटांचा शेवट एकच आहे: गाडी मानते की खरा मालक बसलाय. तिने ते मानलं तरी पुढे एक अडसर असायला हवा. कंपन्यांनाही हे पटलेलं आहे. अमेरिकेतल्या महामार्गावरील नुकसानीचा हिशेब ठेवणाऱ्या एचएलडीआय संस्थेने २०२३ मध्ये दाखवलं की २०२० ते २०२२ सालच्या गाड्यांमध्ये डॉज चार्जर एसआरटी हेलकॅटच्या चोरीच्या दाव्यांचं प्रमाण सरासरीच्या साठपटीहून जास्त होतं. सातशेहून अधिक हॉर्सपॉवरची ती गाडी. या चोऱ्या रोखायला कंपनीने २०२१ मध्येच एक सॉफ्टवेअर दिलं होतं: चार आकडी कोड घातल्याशिवाय इंजिन ६७५ आरपीएमच्या पुढे जाणार नाही आणि तीन हॉर्सपॉवरहून कमी ताकद देईल. टेस्लाने २०१८ मध्ये स्क्रीनवर पिन घातल्याशिवाय गाडी चालू नये अशी सोय दिली. तुमच्या गाडीत असं काही असेल, तर ते आजच चालू करा. कंटाळा येतो म्हणून बंद ठेवलेले पिन मी खूप पाहिलेत.

नसेल तर बाहेरून बसवायचा. चांगला प्रकार तो, जो गाडीच्या कॅन जाळ्यावर बसतो आणि स्टिअरिंगवरच्या किंवा दारावरच्या बटणांचा गुप्त क्रम ओळखतो. आवाज वाढवा, कमी करा, काच खाली, पुन्हा आवाज, असं काहीतरी. तो क्रम दाबला नाही तर इंजिन चालू होत नाही किंवा गिअर पडत नाही. त्याला दिवा नसतो, वेगळी किल्ली नसते, आणि तो स्वतः काही सिग्नल सोडत नाही म्हणून यंत्राने शोधता येत नाही. यंत्र कुठलं घेतलं यापेक्षा ते कुणी आणि कुठे बसवलं याला महत्त्व जास्त. मी ते मूळ वायरिंगच्या जुडग्यात घालतो, कंपनीच्याच जातीची टेप गुंडाळतो, वायरीही त्याच रंगाच्या वापरतो. पाच मिनिटं टॉर्च घेऊन शोधलं तरी हाती लागता कामा नये. डॅशबोर्डखाली हात घालताच लागत असेल तर तो बसवलाच नाही असं समजा. काचेवर त्याच्या कंपनीचं स्टिकर लावू नका. काय शोधायचं ते चोराला आयतं कळतं. आणि जो फिटर तुमच्या गाडीचे, नंबरप्लेटसकट, काम चालू असतानाचे फोटो इंटरनेटवर टाकतो, त्याच्याकडे जाऊ नका. त्याने तुमचा पत्ता सोडून बाकी सगळं सांगून टाकलेलं असतं.

कोड निवडताना एकच बटण चार वेळा असा नको. गाडी सर्व्हिसिंगला देताना कोड सांगू नका. कोड तात्पुरता बंद ठेवणारा सर्व्हिस मोड लावून द्या. परत आल्यावर मात्र तो मोड काढायला लोक विसरतात. गाडी ताब्यात घेतली की कोड न घालता एकदा सुरू करून पाहायची सवय ठेवा. सुरू झाली तर इमोबिलायझर अजून झोपलेला आहे. बसवण्याआधी विमा कंपनीला आणि गाडीच्या कंपनीला लेखी विचारा. वॉरंटीचा वाद नंतर घालण्यापेक्षा आधी मिटलेला बरा.

गाडी जुनी, इमोबिलायझर येण्याआधीच्या काळातली असेल, तर लपवलेला स्विचही चांगलं काम करतो. पण तो इंधनपंपाच्या लाइनवर बसवू नका. हलक्या प्रतीचा स्विच वेगात असताना सैल झाला तर इंजिन बंद पडेल, आणि त्याबरोबर ब्रेक-स्टिअरिंगची मदतही जाईल. तो स्टार्टरच्या लाइनवर बसवा. चालत्या गाडीला तिचं काही देणंघेणं नसतं. बॅटरी तोडणारा स्विच लावला तर अलार्म आणि ट्रॅकरही उपाशी राहतात, हेही लक्षात घ्या.

दुसरा पैसा दिसणाऱ्या लोखंडावर. इमोबिलायझर चोराला आत बसल्यावर थांबवतो. तोवर काच फुटलेली असते, बंपर उचकटलेला असतो. स्टिअरिंगवरचं कुलूप त्याला काचेतूनच दिसतं आणि तो बऱ्याचदा पुढच्या घराकडे वळतो. नुसता दांडा अडकवायचं कुलूप मी सुचवत नाही. दांडा कितीही जाड असला तरी तो स्टिअरिंगच्या ज्या रिमला अडकतो ती रिम पातळ असते. करवतीने रिम कापली की दांडा निसटतो. पूर्ण स्टिअरिंग झाकणारं पोलादी तबकडीचं कुलूप घ्या. ते कापायला ग्राइंडर लागतो, बंद गाडीत त्याचा आवाज आणि ठिणग्या रात्री लपत नाहीत. वेगवान गाड्यांची स्टिअरिंग बऱ्याचदा खालून सपाट असतात आणि जाडही. त्यामुळे घेण्याआधी ते तुमच्या स्टिअरिंगवर नीट बसतं का, हलवलं की निसटत तर नाही ना, हे प्रत्यक्ष पाहा. स्टिअरिंगवर अल्कांटारा, म्हणजे मखमलीसारखं नाजूक कापड असेल तर खाली मऊ कापड घाला. आणि ते रोज लावायला हवं. आठवड्यातून चार रात्री लावलेलं कुलूप पाचव्या रात्री उपयोगाचं नाही.

आता ती वाट, जिच्यापुढे इमोबिलायझर हतबल आहे: गाडी सरळ उचलून नेणं. टो-ट्रक रात्री दोन वाजता आला तरी शेजाऱ्यांना वाटतं, गाडी बिघडली असेल. यावर सर्वांत सोपा इलाज म्हणजे मागे दुसरी गाडी आडवी लावणं. पण त्या दुसऱ्या गाडीची किल्लीही डब्यात हवी, नाहीतर ते आधी ती बाजूला काढतील. त्याखालोखाल जमिनीत रोवलेला, कुलूप लागणारा खांब. इथे पाया महत्त्वाचा. फरशीवर किंवा पेव्हर ब्लॉकवर चार बोल्टांनी बसवलेला आडवा होणारा खांब जॅक लावला की ब्लॉकसकट उपटून येतो. काँक्रीटमध्ये खोल गाडलेला, कुलपाची कडी आत झाकलेली असलेला खांब घ्या. गाडी खाली बसलेली असेल तर खांब पाडल्यावर त्याचा उंचवटा किती राहतो ते मोजा, पुढचा स्प्लिटर, म्हणजे बंपरखालची पट्टी, घासून मन दुखेल. महिनाभर बाहेर जाणार असाल तर चाक फिरू न देणारा व्हील क्लॅम्पही लावा, मात्र मोठ्या ब्रेक कॅलिपरला तो घासत नाही ना हे पाहा. अलार्ममध्ये गाडी तिरकी झाल्याचं ओळखणारा सेन्सर असेल, तर तो चालू आहे याची खात्री करा. चाकं चोरायला आलेल्यांनाही तोच पकडतो. चाकांच्या लॉकिंग नटाची चावी डिक्कीत किंवा ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवू नका, चोर पहिल्यांदा तिथेच पाहतो.

गॅरेजबद्दल वाईट वाटतंय, कारण बंद दाराआडची गाडी कुणाला दिसत नाही, आणि न दिसणं हे फार मोठं संरक्षण आहे. तुमच्या गाडीत बाहेर उभं राहून रिमोटने गाडी आत सरकवण्याची सोय आहे का ते पाहा. तसं असेल तर अरुंदपणाचा प्रश्नच मिटतो. नसेल तरी लांबच्या प्रवासाआधी गाडी आत ढकलून ठेवण्याचे कष्ट घ्या. फक्त गॅरेजचं दार तपासा. मोटरवर उघडणाऱ्या वर जाणाऱ्या दारांना आतून एक दोरी लोंबत असते, वीज गेली तर दार हाताने उघडण्यासाठी. दाराच्या वरच्या फटीतून वाकवलेली तार घालून ती दोरी बाहेरून ओढता येते, काही सेकंदांत. ती बांधून टाकू नका, आत अडकलात तर तीच वाचवेल. तार पोचणार नाही असा पत्र्याचा आडोसा तिच्यापुढे लावा. गॅरेजचा रिमोट बाहेर उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीत ठेवू नका. गॅरेजमधून घरात येणाऱ्या दाराला मुख्य दाराइतकंच चांगलं कुलूप हवं.

कॅमेऱ्यांवर मी फार वेळ घालवणार नाही. चोर टोपी आणि मास्क घालून येतात, आणि छताजवळ लावलेला कॅमेरा त्यांच्या टोपीचा सुंदर फोटो काढतो. त्यातला एक चेहऱ्याच्या उंचीवर आणा. वायफायवर चालणारा असेल तर सिग्नल जॅम होऊ शकतो, म्हणून निदान एक तरी वायरने जोडलेला ठेवा. कॅमेऱ्याचा खरा उपयोग चोरीच्या आधीच्या दिवसांत होतो: तीच गाडी दोनदा हळू जाताना दिसली, कुणीतरी पुढच्या काचेतून चासी नंबर टिपताना दिसलं, तर तेव्हाच कळतं.

ट्रॅकर हवाच, पण तो चोरी थांबवतो असं मानू नका. चोर सिग्नल दाबून टाकणारा जॅमर वापरतात, आणि बहुतेक वेळा गाडी आधी काही तास किंवा एक-दोन दिवस जवळच्याच एखाद्या गल्लीत उभी करून ठेवतात. कुणी शोधत आलं नाही, तर मग पुढे नेतात. तुमच्याकडे वेळ आहे तो एवढाच. म्हणून कॉल सेंटरमधून चोवीस तास लक्ष ठेवणारा एक ट्रॅकर आणि दुसरा स्वतःच्या बॅटरीवरचा, दिवसातून एकदाच जागा होऊन ठिकाण कळवणारा, अशी जोडी मला आवडते. झोपलेला ट्रॅकर सिग्नल शोधणाऱ्या यंत्राला सापडत नाही. एअरटॅगसारखे, हरवलेली वस्तू फोनवरून शोधायचे छोटे टॅग पूरक म्हणून ठीक. पण ते चोराच्याही फोनवर सूचना पाठवतात की कुणाचा तरी टॅग तुमच्यासोबत फिरतोय.

इथे एक बारीक गोष्ट, जी वेगवान गाड्यांतच जास्त दिसते. या गाड्या आठवडे-महिने उभ्या असतात. अलार्म, ट्रॅकर, गाडीचे कॉम्प्युटर थोडी थोडी वीज खातच राहतात आणि तीन-चार आठवड्यांत बॅटरी इतकी उतरते की ट्रॅकर झोपतो आणि सायरनही मुका होतो. सायरनच्या आतली छोटी बॅटरीसुद्धा काही वर्षांत मरते. माझ्याकडे एक गाडी आली होती, सगळं महागडं बसवलेलं, आणि चोरीच्या रात्री त्यातलं एकही यंत्र जिवंत नव्हतं. बॅटरी मेंटेनर, म्हणजे उभ्या गाडीची बॅटरी भरलेली ठेवणारा चार्जर, लावा.

आता मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती गोष्ट. गाडी जितकी पक्की होईल, तितकं चोराचं लक्ष घरातल्या किल्लीकडे वळतं. किल्ली दाराजवळच्या खुंटीवर नको; तिथून ती काचेतून दिसते आणि टपालाच्या फटीतून तारेने ओढताही येते. पण ती झोपण्याच्या खोलीत उशाशीही नको, कारण मग ते तिथवर येतील. डबा अशा जागी ठेवा जो रस्त्यावरून दिसणार नाही आणि मुलांच्या खोल्यांच्या वाटेत येणार नाही. घराच्या मागच्या दाराचं कुलूप बदला, ज्याकडे गाडीवर एवढा खर्च करणारा माणूसही पाहत नाही. आणि घरात कुणी शिरलंच, किल्ली मागितली, तर द्या. कोड मागितला, तर तोही द्या. घरातल्या प्रत्येकाला हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्या क्षणी कुणी हिंमत दाखवायला जाणार नाही. रात्री अंगणात ग्राइंडरचा आवाज आला तर दिवे लावा, पोलिसांना फोन करा, खिडकीतून ओरडा, पण खाली उतरू नका. ट्रॅकरवर गाडी दिसली तरी ती आणायला स्वतः जाऊ नका.

चोरांना गाडी कुठे राहते हे बहुतेक वेळा मालकच सांगतो. घराचा दर्शनी भाग आणि नंबरप्लेट एकाच फोटोत टाकू नका. विकायची जाहिरात देताना फोटो दुसरीकडे जाऊन काढा. गाड्यांच्या मेळाव्याहून परतलात की त्या रात्री बंपरखाली आणि चाकांच्या कमानीत हात फिरवा. टॅग चिकटवून माग काढणारेही आहेत. मे २०२४ पासून ॲपलचे आणि अँड्रॉइडचे फोन अनोळखी टॅग सोबत फिरत असल्याची सूचना देतात, तशी आली तर ती झटकून टाकू नका.

शेवटचं काम कागदाचं. चासी नंबर, नोंदणी क्रमांक, ट्रॅकर कंपनीचा चोवीस तासांचा फोन, ट्रॅकरचा अनुक्रमांक, विम्याचा पॉलिसी क्रमांक, आणि गाडीवरचा एखादा ओळखीचा ओरखडा, हे सगळं एका कागदावर लिहून घरात ठेवा. ग्लोव्हबॉक्समध्ये नको, गाडी गेली तर तो कागदही गाडीबरोबरच जाईल.